किडा काय खातो, हेही विचारा

पाळीव पाली आणि सरडे आता छोट्या दवाखान्यांतही तपासणीला येऊ लागले आहेत. टेबलावर येतो तो बहुधा लेपर्ड गेको किंवा बिअर्डेड ड्रॅगन. तक्रारीही ठरलेल्या : जबडा मऊ झाला आहे, पाय थरथरतात, बोटांना झटके येतात, चालताना पोट उचलत नाही. मालक मनापासून सांगतो, ‘रोज जिवंत किडे घालतो.’ केसपेपरवर ‘आहार : मीलवर्म’ अशी नोंद होते आणि चौकशी तिथेच संपते. खरे तर ती तिथून सुरू व्हायला हवी.

मार्क फिंके यांनी २००२ मध्ये ‘झू बायॉलॉजी’त खाद्यकीटकांचे सविस्तर पृथक्करण प्रसिद्ध केले. त्यानुसार १ किलो मीलवर्ममध्ये कॅल्शियम सुमारे १७० मिलिग्रॅम, तर फॉस्फरस २,८०० मिलिग्रॅमच्या वर. क्रिकेट, म्हणजे रातकिडे, जरा बरे. तरी तिथेही कॅल्शियमच्या सातपट फॉस्फरस. सरड्याला हवे असते ते फॉस्फरसइतके, शक्यतो त्याच्या दुप्पट कॅल्शियम. उंदीर गिळणाऱ्या सापाला ते हाडांतून मिळते. किड्याला हाडेच नसतात. हा तुटवडा भरून काढायला पॅराथायरॉइड संप्रेरक हाडांतले कॅल्शियम रक्तात ओढते. म्हणून रक्ताचा अहवाल बराच काळ ठीक दिसू शकतो. संशय असेल तर क्ष-किरण तपासणी टाळू नये.

यावर उपाय आहे, पण तो अर्धवट केला जातो. मीलवर्म सहसा गव्हाच्या कोंड्यावर वाढवतात. कोंड्यात फॉस्फरस भरपूर आणि कॅल्शियम नाममात्र, त्यामुळे डब्यातून थेट सरड्यापुढे गेलेली अळी पोषणाच्या दृष्टीने कमी पडते. किड्याला खाऊ घालून मग सरड्याला देणे, म्हणजे ‘गट लोडिंग’, यासाठी किमान ८ टक्के कॅल्शियमचे खाद्य ४८ ते ७२ तास द्यावे लागते. गाजराच्या फोडी आणि कोबीची पाने पाणी पुरवतात. ८ टक्क्यांच्या जवळपासही जात नाहीत. हे कॅल्शियम किड्याच्या आतड्यात असते, शरीरात मुरत नाही. खाद्य थांबवून दिवस उलटला की ते विष्ठेवाटे निघून जाते. उलट महिनाभर तेच घातले तर किडेच मरू लागतात. म्हणजे हे शेवटच्या दोन-तीन दिवसांचे खाद्य आहे, पैदाशीचे नव्हे.

कॅल्शियम कार्बोनेटची भुकटी लावणे हा दुसरा मार्ग. रातकिडा ती पाय-मिशा चाटून साफ करतो. त्यामुळे लगेच खाल्ले जातील एवढेच किडे सोडावेत. उरलेले रातकिडे रात्री सरड्याचे कातडे कुरतडतात, हेही मालकाला सांगावे. किड्याची रुंदी सरड्याच्या दोन डोळ्यांमधल्या अंतरापेक्षा जास्त नसावी. बिअर्डेड ड्रॅगनसारख्या दिवसा वावरणाऱ्या जातींना अतिनील-बी प्रकाशही लागतो. खिडकीच्या काचेतून आलेल्या उन्हात तो जवळपास नसतोच.

ब्लॅक सोल्जर फ्लायची अळी मात्र अपवाद. तिच्यात कॅल्शियम फॉस्फरसपेक्षा जास्त असते. पण कचरा जिरवण्याच्या प्रकल्पातून आणलेली अळी देऊ नये. ती कशावर वाढली याचा भरवसा नसतो.

बाहेरून पकडलेल्या किड्यांबाबत पशुवैद्यकांनी ठाम राहावे. फवारणीचा धोका आहेच. शिवाय १९९९ मध्ये अमेरिकेतील संशोधकांनी काजवे खाऊन मेलेल्या पाळीव सरड्यांची नोंद प्रसिद्ध केली. त्यांत बिअर्डेड ड्रॅगन होते. तिथल्या फोटिनस काजव्यांतील ल्युसिब्युफॅजिन ही द्रव्ये हृदयावर घाव घालतात आणि एक काजवाही जीव घेऊ शकतो. सह्याद्रीत मे-जूनमध्ये काजवे चमकू लागतात. इथल्या जाती वेगळ्या असल्या तरी प्रयोग करून पाहण्याची ही जागा नव्हे.

तेव्हा केसपेपरवर आहाराच्या रकान्यात चार प्रश्न वाढवावेत : किडा कोणता, तो कुठून आणला, देण्यापूर्वी दोन दिवस त्याने काय खाल्ले, आणि भुकटी कोणती व किती वेळा लावली. भुकटीच्या डब्यावर फॉस्फरस आणि जीवनसत्त्व ड-३ यांचे प्रमाण किती आहे, हे पाहण्यासाठी मालकाला डबा सोबत आणायला सांगावे. कॅल्शियमच्या इंजेक्शनने झटके थांबतील. पण कोंड्यावरची अळी तशीच चालू राहिली, तर तोच गेको काही महिन्यांनी पुन्हा टेबलावर येईल.