स्वातंत्र्य सैनिकांचे, तिजोरी सावकारांची

अमेरिकन स्वातंत्र्याच्या १७७६ च्या जाहीरनाम्याला २०२६ साली अडीचशे वर्षे पूर्ण होतात. असे प्रसंग आले की तेथील ‘राष्ट्रपित्यां’च्या द्रष्टेपणाची जुनीच आरती ओवाळली जाते. वसाहतींनी ब्रिटिश राजसत्ता झुगारून दिली, हे त्यांचे ऐतिहासिक कार्य निर्विवाद आहे. प्रश्न एवढाच की, त्या विजयाची फळे कोणाच्या पदरात पडली?

युद्धात लढलेल्या सैनिकांना रोख वेतनाऐवजी सरकारी कर्जरोखे मिळाले. गावी परतलेल्या शेतकऱ्यांनी पोटासाठी ते कवडीमोलाने विकले आणि सट्टेबाजांनी ते गोळा केले. त्यातच मॅसॅच्युसेट्स राज्याने कर्जफेडीसाठी जबर कर बसविले. जमिनी लिलावात निघाल्या, ऋणको तुरुंगात जाऊ लागले. तेव्हा १७८६ मध्ये, युद्धात कॅप्टन असलेल्या डॅनियल शेज आदींच्या नेतृत्वाखाली शेतकऱ्यांनी न्यायालयांचे कामकाज बंद पाडले. हे बंड मोडणाऱ्या फौजेसाठी बोस्टनच्या व्यापाऱ्यांनी पदरचे पैसे दिले!

जुन्या संघराज्य-करारान्वये केंद्राला कर बसविण्याचा अधिकार नव्हता, ही उणीव खरीच. परंतु ती दूर करण्यासाठी १७८७ मध्ये फिलाडेल्फियात बंद दाराआड बसलेल्या ५५ प्रतिनिधींत जमीनदार, वकील आणि व्यापारी यांचाच भरणा होता. त्यांनी राज्यांना कागदी चलन काढण्यास आणि करारांच्या बंधनांना बाध आणण्यास मनाई केली. म्हणजे ऋणकोच्या सुटकेचे मार्गच बुजविले. गुलामांना मताधिकार नाही, मात्र मालकांच्या राज्यांचे प्रतिनिधी वाढावेत म्हणून पाच गुलामांची गणना तीन माणसे अशी! गुलामांच्या आयातीलाही १८०८ पर्यंत अभय मिळाले.

१७९० मध्ये अर्थमंत्री हॅमिल्टन यांनी ते रोखे दर्शनी किमतीने मान्य करविले. मूळ धारकांनाही वाटा द्यावा, ही मॅडिसन यांची सूचना फेटाळली गेली. पुढे १७९१ च्या मद्यकराविरुद्ध पश्चिम पेनसिल्व्हेनियातील शेतकरी उठले, तेव्हा १७९४ मध्ये त्यांच्यावर सुमारे १३,००० शिपाई धाडण्यात आले. सरकारची पत राखण्यासाठी हे सारे आवश्यक होते, असे समर्थन केले जाते. पत अवश्य राखावी. परंतु कोणाच्या खर्चाने?

घटनेत जे लोकाभिमुख आहे, ते बव्हंशी नंतरच्या झगड्यांतून आले. नागरी हक्कांच्या १७९१ च्या दुरुस्त्या विरोधकांच्या रेट्यामुळे झाल्या. गुलामगिरी १८६५ मध्ये, यादवी युद्धानंतर, संपली. महात्मा फुल्यांनी १८७३ मध्ये ‘गुलामगिरी’ हा ग्रंथ अमेरिकेच्या लोकांना अर्पण केला, तो काळ्या गुलामांच्या मुक्तीसाठी. त्यांचा नमस्कार १७८७ च्या घटनाकारांना नव्हता, त्या घटनेतील अन्याय पुसणाऱ्यांना होता.

परकी सत्ता जाणे हा मुक्तीचा आरंभ होय. नव्या राज्याचे कर कोण भरतो आणि व्याज कोण खातो, हा हिशेब जे मागत नाहीत, त्यांच्या रक्ताचे रोखे दुसरेच वटवितात.