चोरीची वेल

मनी प्लांट विकत आणला तर पैसा येत नाही, चोरून आणला तरच येतो, हे शास्त्र कोणत्या ऋषीने सांगितले ते कळेल काय? आमच्या वाणगावात चांगली शिकलेली, देवळात नेमाने जाणारी मंडळीही शेजाऱ्याच्या कुंडीतले एक कांडे हळूच खुडतात आणि घरी बाटलीत खोचतात. चौथीच्या वर्गात मी चोरीवर बोलत होतो. एक मुलगा उठून म्हणाला, “गुरुजी, मनी प्लांटची धरायची का?” वर्ग हसला. मला मात्र त्याच्या घरच्या मोठ्या माणसांची कीव आली.

ही वेल मूळची पॅसिफिक महासागरातल्या मोरेआ बेटाची. १८८० साली युरोपात तिचे शास्त्रीय नाव ठेवले गेले, त्यात ‘सोनेरी’ हा शब्द आला तो पानांवरच्या पिवळ्या छटांमुळे. तिजोरीशी त्याचा संबंध नाही. तिच्या पेरापेराला मुळे फुटतात, नुसत्या पाण्यातही ती जगते. अशी वस्तू मागितली तर कोण नाही म्हणेल? म्हणजे गरज नसताना, केवळ शुभ म्हणून आपण चोरी करतो!

कोणी म्हणतात, ती हवा शुद्ध करते. १९८९ साली अमेरिकेच्या नासाने बंद पेटीत झाडे ठेवून प्रयोग केले, हे खरे. पण २०१९ साली अशा प्रयोगांचे आकडे पुन्हा तपासले, तेव्हा दिसले की, घरात एरवी वारा जेवढे काम करतो तेवढे करायला दर चौरस मीटरला दहा ते हजार झाडे लागतील. त्यापेक्षा खिडकी उघडा! शिवाय पान चावले तर त्यातल्या सुईसारख्या स्फटिकांनी तोंड व घसा जळतो. रांगत्या मुलाच्या हाताशी ती ठेवू नये.

परकी म्हणून मी तिला नावे ठेवीत नाही. आमच्या डहाणूचा चिकू आणि वाणगावची मिरची, दोघांचेही मूळ अमेरिका खंडात. पण ती आधी घाम मागतात, मग पैसा देतात.

तेव्हा वाचकहो, वेल हवीच असेल तर या दिवाळीत फराळाचे ताट घेऊन शेजारी जा आणि उघडपणे मागा. मुलालाही बरोबर न्या.