सही करणारी आणि हिशेब विचारणारी

सरपंचपदाच्या महिला आरक्षणातून नेतृत्व घडत नाही, फक्त सह्या घडतात, हे आपल्या वाचकांचं मत मला मान्य नाही. घरचे पुरुष कारभार हाकतात, हे खरंच. पण दोष आरक्षणाचा नाही, शिकायला वेळ न मिळण्याचा आहे.

बारामतीच्या शारदाबाई पवार 1938 साली पुणे जिल्हा लोकल बोर्डावर निवडून गेल्या. त्यांनी काम करता करताच कारभार आत्मसात केला. आमच्या नीराकाठच्या पुरुष पुढाऱ्यांची शाळाही हीच: आधी विकास सोसायटी, मग दूध संस्था, मग कारखान्याचं संचालकपद. पडायचं, पुन्हा उभं राहायचं. अजित पवारसुद्धा 1982 मध्ये साखर कारखान्याच्या संचालक मंडळातूनच पुढे आले.

बाईला मात्र पाचच वर्षं. पहिलं वर्ष बुजण्यात जातं. तिसऱ्या वर्षी ती ग्रामपंचायत अधिकाऱ्याकडून कॅशबुक मागून घेते, पाइपलाइनच्या बिलावर बोट ठेवून विचारते, "हे काम झालंय कुठं?" तोवर मुदत सरत येते, आरक्षण फिरतं आणि खुल्या जागेवर तिला कुणी उभं करत नाही. शिकलेलं सगळं वाया!

2011 पासून राज्यात पंचायतींत निम्म्या जागा महिलांच्या आहेत. सोसायट्यांच्या संचालक मंडळावर दोनच. तिथली दारं उघडा, आणि माजी महिला सरपंचांना खुल्या जागेवर उमेदवारी द्या. येत्या निवडणुकीत पॅनेलप्रमुखांनी एवढं तरी करावं.

— एक वाचक, निरवांगी (ता. इंदापूर, जि. पुणे)