झाड पाहिलं, माणसं राहिली



मे महिन्यातल्या लाँग वीकएंडला आपल्या मराठी वर्गातल्या निम्म्या खुर्च्या रिकाम्या होत्या म्हणे. रागवायचं कुणी? मीही गैरहजर पालकांतलाच! आम्ही बे एरियातून सिकोया नॅशनल पार्कला गेलो होतो. डोंगरासाठी वर्ग बुडाला याची मला खंत नाही. पण तिथे जाऊन आपण काय पाहतो, याबद्दल थोडं बोलायचं आहे.

मी पडलो सॉफ्टवेअरवाला. तासातासाचा तक्ता केल्याशिवाय घराबाहेर पडत नाही. जनरल शर्मन झाड, मोरो रॉकच्या साडेतीनशेवर पायऱ्या, फोटो आणि परत. झाड खरोखर थक्क करतं. उंची २७५ फूट, जमिनीलगत बुंध्याचा घेर १०२ फुटांहून जास्त, वय अंदाजे २,२०० वर्षं. सातवाहनांनी नाणेघाटात शिलालेख कोरवला तेव्हा हे झाड बहुधा उभं होतं, असं सांगितल्यावर मुलंसुद्धा क्षणभर गप्प झाली.

पण सहलीतली सर्वांत मोलाची जागा माझ्या तक्त्यात नव्हतीच. वर जाताना, थ्री रिव्हर्स गाव मागे पडल्यावर, हॉस्पिटल रॉक नावाचा प्रचंड खडक लागतो. वळणांनी आईला मळमळायला लागलं म्हणून तिथे थांबलो. खडकावर लाल रंगातली जुनी चित्रं आणि शेजारच्या कातळात गुळगुळीत गोल खड्डे. आई मळमळ विसरून म्हणाली, "अगं बाई, ही तर उखळं!"

"आजी, उखळ म्हणजे?" मुलीने विचारलं. मग आजीने हवेत मुसळ चालवून दाखवलं, आणि "उखळात डोकं घातल्यावर मुसळाला काय भ्यायचं" ही म्हणही शिकवली. हा धडा वर्गात इतका पक्का झाला नसता!

इथे मोनो लोक राहत. ओकची फळं या उखळांत कुटून, पिठातला कडूपणा पाण्याने काढून बायका रांधत. हे लोक मुद्दाम लहान लहान आगीही लावत, त्यामुळे रानातला पालापाचोळा साचत नसे. १८९० साली नॅशनल पार्क झालं आणि पुढे अनेक दशकं सरकारने आगी विझवण्याचंच धोरण ठेवलं. सिकोयाचे शंकू तर आगीच्या धगीने सुकून उघडतात आणि बी मोकळ्या मातीत रुजतं. नवी रोपं येईनाशी झाली, तेव्हा कुठे १९६०च्या दशकाच्या अखेरीस धोरण बदललं. तरी २०२० आणि २०२१च्या वणव्यांत जगातले १३ ते १९ टक्के मोठे सिकोया गेले, असा अंदाज आहे.

म्हणजे झाडांची गोष्ट माणसांना वगळून कळत नाही. मोनोंचे वंशज आजही या डोंगरांच्या पायथ्याशी आहेत, पण त्यांची भाषा बोलणारे फार थोडे उरलेत. कॅलिफोर्नियात मूळ रहिवाशांच्या मुलांना बोर्डिंग शाळांत घालून, स्वतःची भाषा बोलल्याबद्दल शिक्षा होत असे. आपल्याला मराठी बोलायला कुणी बंदी केलेली नाही. आपण ती सोयीसाठी सोडतो, तेही घरातल्या घरात.

म्हणून माझं मत असं: डोंगरात जरूर जा, पण यादीतली दोन ठिकाणं कमी करा. जिथे माणसं राहत होती तिथे तासभर बसा. आजी-आजोबा आलेले असतील तर "त्यांना चालवणार नाही" म्हणून मोटेलवर ठेवू नका. आणि मुलांनो, परत याल तेव्हा वर्गासाठी एक नवा शब्द घेऊन या.

आमच्या घरचा शब्द तुम्हाला आता ठाऊक आहेच.

— एक पालक