राणी गेली, आयर्विन राहिला

महालक्ष्मी एक्स्प्रेस रात्री कोल्हापुराहून सुटते. कवठे महांकाळची, जतची माणसं तिला मिरजेत गाठतात. या गाडीच्या एका टोकाला शाहू महाराजांचं नाव आहे आणि दुसऱ्या टोकाला शिवाजी महाराजांचं. १९९६ पर्यंत दुसरं टोक व्हिक्टोरिया राणीचं होतं. पण आमच्या भागातून पोटापाण्यासाठी मुंबईला गेलेल्या जुन्या माणसांना राणीशी काही देणंघेणं नव्हतं. ती 'बोरीबंदर'लाच उतरायची. शिकलेली पोरं 'व्हीटी'ला उतरू लागली, त्यांची पोरं 'सीएसटी'ला, आणि २०१७ मध्ये नावात 'महाराज' जोडल्यापासून नातवंडं 'सीएसएमटी'ला उतरतात. मान द्यायचा म्हणून नाव लांबवलं, आणि तिकीट काढणाऱ्यानं ते पुन्हा चार अक्षरांत गुंडाळून ठेवलं.

यंदाच्या अंकाचा विषय गावांची आणि रस्त्यांची नावं हा आहे. नामांतराच्या बातमीशिवाय हल्ली एकही महिना जात नाही, आणि प्रत्येक बातमीवर दोन तट ठरलेले असतात. आमचं म्हणणं त्या दोन्ही तटांत नीट बसत नाही, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

व्हिक्टोरिया राणीनं हिंदुस्थानात कधी पाऊल ठेवलं नाही. तरी तिच्या राज्यारोहणाला पन्नास वर्षं झाली तेव्हा, १८८७ मध्ये, मुंबईच्या स्टेशनाला तिचं नाव मिळालं. शिवाय व्हिक्टोरिया गार्डन, व्हिक्टोरिया गोदी, व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियम, आणि जिथून आपल्या कितीतरी पोरांनी इंजिनिअरिंग केलं ते व्हीजेटीआय. थोरला मुलगा एडवर्ड केईएम हॉस्पिटलात सापडतो, आणि काळा घोडाही त्याचाच. नातू जॉर्ज युवराज असताना आला, तेव्हा १९०५ मध्ये त्यानं म्युझियमची कोनशिला बसवली, म्हणून ते झालं प्रिन्स ऑफ वेल्स म्युझियम. हाच नातू १९११ मध्ये राजा म्हणून राणी मेरीसह उतरला, त्याची आठवण म्हणजे गेटवे ऑफ इंडिया. एका घराण्याचं अख्खं रेशनकार्ड मुंबईच्या नकाशावरून लिहून काढता आलं असतं.

आणि मुंबईलाच का हसायचं? आपल्या जुन्या सातारा जिल्ह्यात, महाबळेश्वरला, कॅनॉट पीक आहे. हे नाव राणीच्या तिसऱ्या मुलाचं, ड्यूक ऑफ कॅनॉटचं. त्याआधी त्या शिखराला माउंट ऑलिम्पिया म्हणत, म्हणजे साहेबानं साहेबाचंच नाव पुसलं. (आर्थर सीटचा आर्थर मात्र हा नव्हे. तो मॅलेट नावाचा अधिकारी. ड्यूकचं नावही आर्थरच असल्यानं घोटाळा होतो.) याच ड्यूकच्या नावानं दिल्लीत कॅनॉट प्लेस झालं. त्या दिल्लीच्या बाजाराचं नाव स्वातंत्र्यानंतर छत्रपती संभाजीनगरात सिडकोनं वसवलेल्या वसाहतीत येऊन पोचलं आणि तिथली पोरं संध्याकाळी 'कॅनॉट'ला चहा प्यायला जातात. ज्या गावाचं स्वतःचं नाव बदलण्यासाठी एवढं रणकंदन झालं, तिथं राणीचा हा लेक कुणाच्या डोळ्यांवर आला नाही.

ही नावं सगळी इंग्रजांनीच ठोकून बसवली असं समजणं मात्र सोयीचं आहे, खरं नाही. मुंबईतला राणीचा संगमरवरी पुतळा बडोद्याच्या खंडेराव गायकवाडांच्या पैशातून उभा राहिला. काळ्या घोड्यावरचा एडवर्ड अल्बर्ट ससूननं दिला. राणीला हिंदुस्थानची सम्राज्ञी जाहीर केलं त्याच दिवशी, १ जानेवारी १८७७ ला, जमशेटजी टाटांनी नागपुरात गिरणी सुरू केली आणि तिला एम्प्रेस मिल म्हटलं. कुणी भक्तीनं नाव दिलं, कुणी धंद्याचा हिशेब करून दिलं, कुणी गादी सांभाळायची म्हणून दिलं. दामोदर चापेकरांना हा हिशेब मान्य नव्हता. १८९६ मध्ये त्यांनी राणीच्या त्याच पुतळ्याला डांबर फासलं. पुतळा आता भायखळ्याच्या म्युझियमच्या आवारात आहे, काळा घोडाही तिथंच, आणि त्या आवाराला लागून असलेल्या वीरमाता जिजाबाई भोसले उद्यानात जाणारी मुंबईकर मंडळी अजून पोरांना 'राणीच्या बागेत' नेतात. त्यांच्या मनातली राणी कोण, हे विचारण्याच्या भानगडीत कुणी पडत नाही.

आता घराकडे येऊ. सांगलीत कृष्णेवर १९२९ मध्ये पूल झाला. सांगलीकर संस्थानिकांनी त्याला त्या वेळचे व्हाइसरॉय लॉर्ड आयर्विन यांचं नाव दिलं. आयर्विन हा काही राजा नव्हे, राजाचा माणूस. पण आपल्यासारख्या संस्थानी मुलखात राजापेक्षा राजाच्या माणसाला जास्त जपावं लागे. विश्रामबागेतलं विलिंग्डन कॉलेज १९१९ चं, तेही मुंबईच्या गव्हर्नराच्या नावाचं. पुढं हाच विलिंग्डन व्हाइसरॉय झाला आणि त्यानं सविनय कायदेभंगाच्या चळवळीवर वरवंटा फिरवला. भगतसिंग, राजगुरू, सुखदेव फासावर गेले तेव्हा दिल्लीत आयर्विन होता. आणि ही नावं राहिली कुठं, तर क्रांतिसिंह नाना पाटलांच्या प्रतिसरकारच्या जिल्ह्यात. जुलै १९४३ मध्ये वसंतदादा तुरुंग फोडून निसटले, त्या सांगलीत.

का राहिली असावीत? सांगलीकरांचं इंग्रजांवर प्रेम होतं असं कुणी म्हणणार नाही. पण दर पावसाळ्यात कोयनेतून पाणी सोडलं की अख्खा जिल्हा एकच प्रश्न विचारतो: आयर्विनला किती फूट? चाळीस फुटांना इशारा, पंचेचाळीसला धोका. २००५ ला पाणी त्रेपन्नच्या वर गेलं, २०१९ ला सत्तावन्नच्या वर. कृष्णाकाठच्या माणसाला आयर्विन म्हणजे कोण हे ठाऊक नसेल, पण आयर्विनला पंचेचाळीस म्हणजे गोठ्यातली जनावरं सोडायची, हे त्याला झोपेतही कळतं. गांधींशी करार करणाऱ्या त्या लॉर्डाचं काय उरलंय या नावात? आमच्या मते काहीच नाही. तो पुलाखालून कधीच वाहून गेला, मागं राहिली फक्त पाणी मोजायची खूण. म्हणून हे नाव बदलावं असं आम्हाला वाटत नाही, आणि कुणी बदललं तरी आम्ही मोर्चा काढणार नाही.

आपल्या राजांनीही नावं ठेवलीच. शाहू महाराजांनी वडील जयसिंगराव घाटग्यांच्या नावानं जयसिंगपूर वसवलं, मुलगी राधाबाई अक्कासाहेबांच्या नावानं राधानगरी, आणि तिथल्या धरणाच्या जलाशयाला राणीसाहेबांचं नाव देऊन त्याला लक्ष्मी तलाव केलं. कोल्हापूरची लक्ष्मीपुरी, राजारामपुरी, शाहूपुरी घेतली तर इथंही एक रेशनकार्ड तयार होतं, हे मान्य केलं पाहिजे. फरक एवढाच की राधानगरीच्या भिंतीमागं पाणी साठलं, जयसिंगपुरात पेठ भरली. आणि २६ जुलै १९०२ ला या राजानं पन्नास टक्के जागा मागासलेल्या जातींसाठी राखून ठेवल्या. म्हणून साताऱ्यात कर्मवीर भाऊराव पाटलांनी सगळ्या जातींच्या पोरांना एका पंगतीत बसवणारं वसतिगृह काढलं, त्याचं १९२७ मध्ये गांधीजींच्या हस्ते 'श्री छत्रपती शाहू बोर्डिंग हाउस' असं नामकरण झालं. महाराज त्याआधी पाच वर्षं वारले होते. मेलेल्या राजाकडून गादीही मिळत नाही आणि किताबही मिळत नाही. असं नाव आम्ही खरं धरतो.

साताऱ्यातच आणखी एक मौज आहे. दिल्लीतला किंग्जवे स्वातंत्र्यानंतर राजपथ झाला, आणि गुलामीची खूण म्हणून २०२२ मध्ये राजपथाचा कर्तव्य पथ झाला. साताऱ्याचा राजपथ जागच्या जागी आहे, कारण तो आपल्या छत्रपतींच्या राजवाड्याकडे जातो. त्याला समांतर खालच्या अंगाला कर्मवीर पथ आहे. एक रस्ता राजाच्या मानाचा, एक रयतेच्या मास्तराच्या मानाचा, आणि सातारकर दोघांनाही वरचा रस्ता, खालचा रस्ता म्हणून मोकळे होतात.

आमच्या कवठ्याला राजाचं नाव नाही. शेजारची कुची सांगली संस्थानचा तालुका होती, पण तिचंही नाव कुणा पटवर्धन संस्थानिकावरून पडलेलं नाही. कवठे नावाची गावं आपल्याकडे बरीच आहेत. वाईजवळचं एक, किसन वीरांचं. मिरजेकडचं कवठे पिरान, हिंदकेसरी मारुती मान्यांचं. तासगावचं कवठे एकंद, दसऱ्याच्या शोभेच्या दारूसाठी नावाजलेलं. आमचं महांकालीचं. एका गावाची ओळख पिरानं पटली, एकाची देवीनं, आणि पत्र बरोबर पोचलं. १९४९ मध्ये दक्षिण सातारा जिल्हा झाला, १९६० मध्ये त्याचं नाव सांगली झालं, १९६५ मध्ये कवठे महांकाळ तालुका झाला. मधे एवढी सरकारी उलथापालथ झाली तरी गावाचं नाव हललं नाही. आमच्या दुष्काळी पट्ट्याचं नशीब ज्यांनी थोडंफार पालटलं त्या योजनांची नावंही बघा: ताकारी, टेंभू, म्हैसाळ. जिथं पाणी उचललं त्या गावांची. 'म्हैसाळचं आलं' एवढं म्हटलं की शेतकरी द्राक्षबागेकडे धावतो.

मग नामांतर निरर्थक आहे का? नाही. आम्हाला एवढंच म्हणायचंय की ते चुकीच्या पाटीपासून सुरू होतं. जुलै २०२४ मध्ये विधिमंडळानं मुंबईतल्या काही स्टेशनांची नावं बदलण्याचा ठराव केला, त्यात किंग्ज सर्कलही आहे. त्या किंग्जमुळे आज कुणाची मान खाली जात नाही. पण डिसेंबर २०२० मध्ये राज्य सरकारनं जातींवरून पडलेली वस्त्यांची नावं बदलायचा निर्णय घेतला, त्याची चर्चा आठवडाभरही टिकली नाही. महारवाडा, मांगवाडा, चांभारवाडा. ज्या पोराला शाळेच्या दाखल्यावर, नोकरीच्या अर्जावर, लग्नाच्या पत्रिकेवर हा पत्ता लिहावा लागला, त्याला विचारा नावाचं ओझं काय असतं. व्हिक्टोरिया त्यापुढं काहीच नाही. सरकारनं सुचवलेल्या नव्या नावांत समतानगर, भीमनगर, क्रांतीनगर यांच्याबरोबर शाहूनगरही होतं. राजाचं नाव वस्तीला मिळालं, आणि तिथं ते शोभलं.

आपली गलाईवाली मंडळी खानापूर, आटपाडी, कवठ्याकडून सोनं-चांदी गाळायला देशभर गेली. त्यातली काही चेन्नईत आहेत. तिथल्या जुन्या बाजारपेठेचं नाव जॉर्ज टाउन, त्याच पंचम जॉर्जचं. त्याआधी गोऱ्यांनी किल्ल्याबाहेरच्या त्या वस्तीला ब्लॅक टाउन म्हटलं होतं, काळ्यांची वस्ती. परक्या राजाच्या नावानं तिथं एक शिवी पुसली गेली. हे उदाहरण आम्हाला फार अडचणीत टाकतं, पण ते बाजूला सारून लिहिणं बरं नव्हे.

दुसरं एक नुकसान कुणाच्या ठरावाशिवाय रोज होतंय. आपल्या शिवारात प्रत्येक विहिरीला, ओढ्याला, माळाला, टेकाडाला, बांधालाही नाव होतं. बागेत टाकलेलं रान गट नंबरानं ओळखलं जातं, प्लॉट पाडलेला माळ कुठल्या तरी महापुरुषाच्या नावाची कॉलनी होतो. प्रत्येक गावात शिवाजी चौक आहे, आणि पाहुणा फोनवर विचारतो, शिवाजी चौकात कुठं? महाराजांचं नाव देणं सोपं आहे, त्याला कुणी विरोध करत नाही. पण त्या जागेला काल काय म्हणत होते, हे लिहून ठेवायचे कष्ट ग्रामपंचायतही घेत नाही आणि आपणही घेत नाही.

म्हणून वाचकांना एक विनंती. फराळाला घरी जमलेल्या सत्तरीपुढच्या माणसांना जवळ बसवा आणि एका कागदावर आपल्या गावाचा कच्चा नकाशा काढा. विहिरी, ओढे, पाणवठे, माळ, वाड्या, रस्ते, जुन्या पायवाटा, जे जे नाव त्यांच्या तोंडून येईल ते ते लिहा. जातीवरून पडलेली नावं टाळू नका. ती कधी बदलली, कुणी बदलली आणि बोलण्यातून गेली का, तेही लिहा. गुढीपाडव्यापर्यंत हे कागद अंकाच्या पत्त्यावर पाठवा. पुढच्या दिवाळीला ते सगळे, गावाच्या नावानिशी, आम्ही छापणार आहोत.