जांभळाचा रंग बाटलीत किती उरतो?

उत्तन, पाली, चौकच्या किनाऱ्यावर बांबूच्या वलांड्यांवर बोंबील वाळताना पाहणाऱ्याला अन्नप्रक्रिया म्हणजे काय, हे वेगळे शिकवावे लागत नाही. पाणी जाते, मासा टिकतो. फळांचा हिशेब मात्र इतका सरळ नाही. मे-जूनमध्ये करवंदे आणि जांभळे भाईंदरच्या बाजारात येतात आणि पाऊस स्थिरावेपर्यंत संपतात. उरलेले वर्षभर याच फळांचे रस, सिरप आणि जॅम ‘अँटिऑक्सिडंटयुक्त’ म्हणून चढ्या भावाने विकले जातात. ताज्या फळाचा गुण बाटलीत आहे असे ग्राहकाने गृहीत धरायचे का?

जांभळाचा, करवंदाचा, कोकमाचा गडद रंग अँथोसायनिन या गटातील द्रव्यांमुळे येतो. (वनस्पतिशास्त्राच्या व्याख्येत स्ट्रॉबेरी ही ‘बेरी’ नाही, जांभूळ आणि करवंद मात्र आहेत!) ही द्रव्ये नाजूक असतात. आम्लात ती लाल आणि बऱ्यापैकी स्थिर राहतात, अल्कलीत निळसर होऊन विस्कटतात. जांभळाचा डाग साबण लागताच निळा पडतो, तो यामुळेच. उष्णता, प्रकाश आणि हवेतील प्राणवायू हे त्यांचे आणखी तीन शत्रू. चौथा फळातच असतो. फळ कापले किंवा ठेचले की त्यातील विकरे कामाला लागतात आणि रंग तपकिरी होऊ लागतो. म्हणून थोडा वेळ दिलेली वाफ उलट उपयोगी पडते, कारण ती विकरे थांबवते. अर्धा तास रटरटणारे पातेले मात्र रंगही नेते.

नुकसान किती, याचा अंदाज ब्लूबेरीवरील अभ्यासातून येतो. अमेरिकेतील आर्कान्सा विद्यापीठातील संशोधकांनी २००८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या निष्कर्षांनुसार, उष्णतेच्या प्रक्रियेत २८ ते ५९ टक्के अँथोसायनिन नष्ट झाले. सर्वाधिक घट गाळून नितळ केलेल्या रसात होती. कारण उघड आहे. रंग सालीत असतो आणि साल चोथ्याबरोबर फेकली जाते. त्याहून बोलका भाग पुढचा. २५ अंश सेल्सिअसला सहा महिने ठेवल्यावर घट ६२ ते ८५ टक्क्यांपर्यंत गेली. आपल्याकडे दुकानाच्या फळीवर मे महिन्यात तापमान २५ अंश नसते, हे सांगायला नको. ब्लूबेरीचे आकडे जांभळाला जसेच्या तसे लागू होणार नाहीत, पण दिशा तीच.

गोठवण्याची गोष्ट वेगळी. गोठवलेल्या फळात ही द्रव्ये बऱ्यापैकी टिकतात. खरा तोटा वितळताना होतो, कारण पेशी फुटून रस गळतो आणि विकरे पुन्हा जागी होतात. त्यामुळे जांभळाचा गर फ्रीजरमधून काढून तसाच मिक्सरमध्ये टाकावा, ओट्यावर वितळत ठेवू नये. कोकणातल्या जुन्या रीतीही डोळस होत्या. कोकमाचे आगळ मिठावर टिकते, त्याला आच लागत नाही. अमृतकोकम साखर आणि उन्हावर होते. कोकम मुळातच आंबट असल्याने रंग तग धरतो. तरी उन्हाची झळ आणि साखरेचे प्रमाण विसरून चालणार नाही.

साखरेवरच खरा आक्षेप आहे. भारतीय अन्न मानकांनुसार जॅममध्ये किमान ४५ टक्के फळ लागते; स्ट्रॉबेरी आणि रासबेरीला मात्र २५ टक्के पुरते. विरघळलेले घन पदार्थ किमान ६५ टक्के हवेत, आणि त्यात मोठा वाटा साखरेचा. अशा बरणीवर अँटिऑक्सिडंटचा गौरव करणे म्हणजे ग्राहकाची थट्टा आहे. मुळात परीक्षानळीत मोजलेली अँटिऑक्सिडंट क्षमता शरीरात तशीच उपयोगी पडते, हे सिद्ध झालेले नाही. अमेरिकी कृषी विभागाने २०१२ मध्ये अशा आकड्यांची आपली यादीच संकेतस्थळावरून काढून टाकली. मधुमेही व्यक्तीने तर जांभूळरसाच्या भरवशावर गोळी सोडणे धोक्याचे आहे.

‘एफएसएसएआय’ने जून २०२४ मध्ये रसाच्या पाकिटांवरील ‘१०० टक्के फळांचा रस’ हा दावा काढायला लावला. हे योग्यच झाले, पण अपुरे आहे. फळाची टक्केवारी आणि साखर पाकिटाच्या दर्शनी बाजूला, ठळक अक्षरात हवी. रस कधी काढला, तेही लिहावे.

याचा अर्थ प्रक्रिया नकोच, असा नाही. भौगोलिक मानांकन मिळालेले पालघरमधील बहाडोलीचे जांभूळ झाडावरून उतरल्यावर दोन-तीन दिवसांत नासते. शेतकऱ्याला ते टिकवायला कोणी तरी साधन द्यायलाच हवे. प्रधानमंत्री सूक्ष्म अन्नप्रक्रिया योजनेत वैयक्तिक उद्योगाला ३५ टक्के, कमाल १० लाख रुपये अनुदान मिळते. हा पैसा सिरप उकळणाऱ्या कढयांपेक्षा गावपातळीवरील गोठवण यंत्रांकडे वळायला हवा. मासळी टिकवायला बर्फाची किंमत ओळखणाऱ्या या पट्ट्याला ते पटवून द्यायला फार वेळ लागणार नाही. अडचण आहे ती वीजबिलाची, आणि त्यावर योजनेने अजून विचार करायचा आहे.