सहल लांबची नको, डोंगराची हवी



दिवाळीची सुट्टी संपली की शाळेशाळेत सहलीची चर्चा सुरू होते. आमच्या सातपूर भागात ती बहुतेक वेळा दोनच ठिकाणांवर येऊन थांबते. वॉटर पार्क, नाहीतर सापुतारा. सहल झाली की आठवड्याभरात ‘माझी सहल’ हा निबंध. पन्नास वह्या तपासा, पन्नास निबंध सारखेच. पहाटे उठलो, बसमध्ये गाणी म्हटली, डबा खाल्ला, खूप मजा आली. मग आपण म्हणतो, मुलांना लिहिता येत नाही. मला वाटतं, लिहिण्यासारखं काही त्यांना दाखवलेलंच नसतं.

दुसरी गोष्ट पैशांची. सातपूर म्हणजे एमआयडीसी. कंपनीत कंत्राटी काम करणाऱ्या पालकांना दोन मुलांच्या सहलीचे पैसे एकदम काढणं जड जातं. अशी मुलं ‘घरी काम आहे’ असं सांगून त्या दिवशी येत नाहीत. निबंध मात्र त्यांनाही लिहावा लागतो, गाइडमधून उतरवून. अर्धा वर्ग मागे ठेवून गेलेली सहल ही शाळेची सहल म्हणायची का?

म्हणून माझं स्पष्ट मत आहे : सहल जवळच्या डोंगरावर न्या, सगळ्यांना परवडेल अशी न्या, आणि तिथे थांबून काहीतरी बघायला लावा.

अंजनेरी काय शिकवते?

त्र्यंबक रोडने निघालो की थोड्याच वेळात अंजनेरी येते. हनुमानाचं जन्मस्थान म्हणून मुलांना ती ठाऊक असतेच. पण या डोंगराच्या कड्यांवर गिधाडं घरटी करतात, हे किती जणांना माहीत आहे? गिधाडाची मादी वर्षाला एकच अंडं घालते. जनावरांना दिलं जाणारं डायक्लोफिनॅक हे औषध मेलेल्या गुरांच्या मांसातून गिधाडांच्या पोटात गेलं, त्यांची मूत्रपिंडं निकामी झाली आणि देशभरात गिधाडं झपाट्याने कमी झाली. २००६ मध्ये जनावरांसाठी या औषधावर बंदी आली. अन्नसाखळीचा धडा फळ्यावर एक तास शिकवा, आणि हीच गोष्ट कड्याकडे बोट दाखवून सांगा. फरक लगेच कळेल.

या डोंगराचं नाव लाभलेली एक कंदीलपुष्पाची जातही इथे आहे, सेरोपेजिया अंजनेरिका. आपल्या घराजवळच्या डोंगराचं नाव जगाच्या वनस्पतिशास्त्रात आहे, हे ऐकून मुलं जरा ताठ बसतात!

शेजारीच ब्रह्मगिरी. तिथून निघालेली गोदावरी १,४६५ किलोमीटर वाहत बंगालच्या उपसागराला मिळते. त्याच डोंगररांगेत उगम पावणारी वैतरणा अरबी समुद्राला जाते आणि वाटेत मुंबईला पाणी देते. जलविभाजक हा शब्द पाठ करून घ्यायची गरजच उरत नाही.

गप्प बसणारी मुलं

आमच्या वर्गांत पेठ, सुरगाण्याकडून कामासाठी आलेल्या घरांतली मुलं असतात. वर्गात ती फारशी बोलत नाहीत. पण डोंगरावर हा मोह, हा ऐन, ही करवंदाची जाळी, हे तीच सांगतात आणि बाकीची मुलं त्यांच्यामागे चालतात. असा दिवस त्यांना वॉटर पार्कमध्ये मिळणार नाही.

सापुताऱ्यालाच जायचं असेल तर

जरूर जा, पण सीमेअलीकडे हातगडाजवळ बस थांबवा. १ मे १९६० ला महाराष्ट्र आणि गुजरात वेगळे झाले, डांग गुजरातेत गेला. पण सीमेच्या दोन्ही बाजूंना कोकणा, वारली, भिल्ल लोक राहतात, दोन्हीकडे नागली पिकते. नकाशावरची रेघ आणि जमिनीवरची माणसं, यावर वर्गात छान चर्चा होते.

‘पण सर, बिबट्या?’

पालकांचा हा प्रश्न अगदी बरोबर आहे. पण नाशिकमध्ये बिबट्या वस्तीतही येतो, त्यामुळे मुलांना भीतीपेक्षा माहिती द्या. एकटं फिरायचं नाही, दिसला तर पळायचं नाही, गर्दी किंवा दगडफेक करायची नाही, वनविभागाच्या १९२६ या क्रमांकावर कळवायचं. हे घरी बसूनही उपयोगी पडतं.

बाकी काळजी आपण घेतोच, तरी थोडक्यात :

• पावसाळा आणि शनिवार-रविवारची गर्दी टाळा. डिसेंबर-जानेवारी उत्तम.
• तिसरी-चौथीला पांडवलेणी पुरे. पाचवीपासून अंजनेरी, तीही झेपेल तिथपर्यंतच.
• मुख्याध्यापकांची परवानगी, पालकांची संमती आणि वनविभागाला पूर्वकल्पना.
• माकडं असतात. खाऊ हातात धरून चालू नये.
• प्लास्टिक परत आणायचं, सरांनीसुद्धा.
• प्रत्येकाकडे छोटी वही. पाहिलेल्या पाच गोष्टी तिथेच लिहायच्या.

ही शेवटची सूचना सोडू नका. त्या पाच ओळींतूनच पुढे ‘माझी सहल’ तयार होतो, आणि प्रत्येकाचा वेगळा.

पालकांनाही विनंती. शाळेने जवळची सहल काढली तर ‘एवढ्यासाठी कशाला सहल?’ असं मुलांसमोर म्हणू नका. त्याऐवजी संध्याकाळी मुलाला एकच विचारा, आज काय पाहिलंस? आणि तो सांगेल ते पूर्ण ऐका.